माणसाला भिणारे सर

आमच्या कॉलेजातल्या इंग्रजीच्या सरांइतका माणसाला भिणारा माणूस भंडारा जिल्ह्यात तरी दुसरा झाला नसेल. वाघाला ते भीत नसत. नाकाडोंगरीला त्यांचे साडू जंगलखात्यात होते. एकदा सर तिथे मुक्कामाला असताना घरामागच्या नाल्यावर वाघ आल्याची बोंब झाली, सगळी वस्ती दारं लावून बसली, आणि हे ओसरीवर खुर्ची टाकून परीक्षेचे पेपर तपासत राहिले. साडूंनी दंडाला धरून आत ओढलं तेव्हा म्हणाले, "वाघाचं पोट भरलं की तो झोपतो. माणसाचं पोट भरलं की तो संस्था काढतो." सापाला, विंचवाला, स्मशानातल्या वाटेला, कशालाच हा माणूस दबत नसे. पण चार माणसं एका जागी जमली आणि त्यांना कशाची तरी वाट पाहत थांबावं लागलं, की सरांच्या कपाळावर घाम येई.

याला कारण ती कादंबरी. बी. ए.च्या वर्गाला एक जुनी, नावाजलेली इंग्रजी कादंबरी होती आणि सर ती वर्षानुवर्षं शिकवत आले होते. जहाज फुटून काही खलाशी एका निर्जन बेटाला लागतात. आधी ते शहाण्यासारखे नियम करतात, जहाजाची घंटा झाडाला टांगतात, ती वाजली की सगळ्यांनी जमायचं आणि पाळीपाळीनं बोलायचं. मग अन्न कमी पडतं, दोन तट पडतात, तोंडाला काजळी फासून माणसं एकमेकांच्या मागावर फिरू लागतात, आणि शेवटी ती घंटा फोडून तिच्या तुकड्यांची भाल्याला टोकं करतात. घंटा म्हणजे सभ्यता, काजळी म्हणजे रानटीपणा, हे पोरांनी परीक्षेत लिहायचं आणि विसरून जायचं अशी साधी सोय होती. सरांना मात्र विसरता आलं नाही. सभ्यता म्हणजे तापवलेल्या दुधावरची साय, असं ते वर्गात सांगत, आणि एक जेवण चुकलं की साय फाटते, हा सिद्धांत त्यांनी बेटावरून उचलून थेट आमच्या तालुक्यात आणला होता.

लग्नाच्या पंगतीत ते कायम दाराजवळच्या पाटावर बसत. जिलेबी संपत आल्याची कुजबुज कानावर आली की त्यांचा घास थांबे आणि नजर वाढप्यावरून वऱ्हाडावर फिरू लागे. टूरिंग टॉकीजमध्ये वीज गेली की मधला खांब दोन्ही हातांनी धरून म्हणत, "आता बघा." अंधारात पोरं शिट्ट्या मारत, कोणीतरी बिडी पेटवी, वीज येई, खेळ सुरू होई, आणि सर थोडेसे निराश झाल्यासारखे खांब सोडत. मी इतिहास शिकवायचो म्हणून मला ते 'इतिहासवाले' म्हणत. एकदा अड्याळच्या अलीकडे आमची एसटी बंद पडली. दुपारची वेळ, दुसऱ्या गाडीचा पत्ता नाही. सर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "इतिहासवाले, तो पागोटेवाला पाहून ठेवा. संध्याकाळपर्यंत गाडी नाही आली तर राजा तोच होणार. आणि पहिला बळी आपल्या दोघांचा."

"आपला काहून?"

"आपण मास्तर. आपला उपयोग काय?"

थोड्या वेळानं तो पागोटेवाला खरंच उठून आमच्याकडे आला. सरांनी माझा दंड घट्ट पकडला. त्यानं धोतराच्या सोग्यातून उकडलेले शिंगाडे काढले, आमच्या ओंजळीत टाकले आणि परत जाऊन बसला. सरांनी शिंगाडे खाल्ले, पण गाडी सुरू होईपर्यंत त्याच्यावरची नजर काढली नाही. वहिनींना हे सगळं पाठ होतं. त्या म्हणत, "घरात दोनच माणसं आहोत, तरी रोज साखरेचा डबा पाहून घेतात. मी कधी रानटी होईन याची वाट पाहून राहिले."

अशा माणसाला नशिबानं खरोखरच एका बेटावर नेऊन ठेवावं, यात नशिबाचा खट्याळपणा होता की आणखी काही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. सत्तरीचं दशक संपत आलं होतं. दिवाळीच्या आधी शेवटच्या वर्षाची दहाबारा पोरं घेऊन सर आणि मी आसगावकडच्या बाजूला वैनगंगेवर सहलीला गेलो. नदीच्या मधोमध खडक आणि वाळूचं एक उंच बेट आहे, त्यावर करंजाची झाडं आहेत. डोंग्यातून तिथे जायचं, आपापले डबे खायचे, संध्याकाळी गंजभर मसालेभात शिजवायचा आणि उजेड आहे तोवर परतायचं, असा बेत होता. तांदूळ आणि गंज, म्हणजे भात शिजवायचं मोठं पितळी भांडं, दिनकरनं घरून आणलं होतं. दिनकरच्या वडिलांची राइस मिल होती आणि कॉलेजच्या संस्थेत त्यांचा शब्द चाले, पण पोरगा गुणी होता. कोणाची सायकल पंक्चर झाली तर स्वतः उतरून चालत जाणारा.

दुपारी डबे खाऊन झाले. नावाडी आम्हाला सोडून पलीकडे गेला होता. चारच्या सुमाराला पाऊस आला आणि त्याबरोबर नदीचा रंग पालटला. वर बालाघाटकडे दोन दिवस कोसळत होता हे आम्हाला ठाऊक नव्हतं. पाहता पाहता वाळू बुडाली, आम्ही बसलो होतो तो खडक बुडाला, आणि आम्ही सगळे करंजाखाली उंचवट्यावर गोळा झालो. पलीकडच्या काठावर नावाडी हात हलवत होता. त्याचं बोलणं पाण्याच्या आवाजात ऐकू येत नव्हतं, पण येता येणार नाही एवढं कळलं. पाणी आणखी किती चढेल हे कोणालाच सांगता येईना. लाकडं भिजली होती, चूल पेटायची नव्हती. दिनकरनं स्वतःच्या पिशवीतला चिवडा काढला आणि प्रत्येकाच्या हातावर मूठमूठ टाकला. सरांना त्यानं स्वतःची कोरडी चादर दिली.

सर ती चादर पांघरून बसले होते आणि त्यांच्या डोळ्यांत असं काही होतं की मला पुराची नाही, त्यांची धास्ती वाटली. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते आता समोर येऊन बसलं होतं. त्यांनी पोरांना एकत्र बसवलं, एकानं बोलताना दुसऱ्यानं बोलायचं नाही असा नियम केला, आणि कोणाला काही बोलायचंच नसल्यामुळे तो कसोशीनं पाळला गेला. वांगी चिरायला आणलेला विळा त्यांनी गुपचूप उचलून चादरीखाली घेतला आणि रात्रभर त्यावर बसून राहिले. मला म्हणाले, "डोळा लागू देऊ नका. सुरुवात फार साधी असते."

सकाळी पाऊस उघडला होता. पाणी चढायचं थांबलं होतं, पण उतरलंही नव्हतं. मी डोंगा दिसतो का पाहायला पाण्याकडे निघालो तेवढ्यात सरांचा आवाज ऐकला. एक जाडा, झोपाळू पोरगा दगडावर बसून करंजाच्या काडीला दातानं टोक काढत होता आणि सर त्याच्यासमोर उभे होते.

"काहून रे, काडीले टोक कायले करून राहिला?"

"दात घासाले, सर."

सरांनी ती काडी घेतली, उलटसुलट पाहिली, आणि परत दिली. बोलण्याच्या ओघात ते असे आमच्या भागाच्या झाडीबोलीत उतरले म्हणजे मन ठिकाणावर नाही हे मला कळत असे. मग ते प्रत्येकाच्या हाताकडे पाहत फिरू लागले. मी काठाला गेलो. पलीकडे माणसं जमली होती, कोणीतरी दोर आणत होतं. दुपारपर्यंत आपण सुटतो असं वाटून मी जरा हलका झालो आणि वर परत आलो.

वर आलो तर चूल पेटलेली होती. करंजाच्या सालीखालची कोरडी लाकडं पोरांनी शोधून काढली होती, गंजात तांदूळ भिजत होता, आणि दिनकर तीन दगड नीट बसवत होता. सर मात्र तिकडे पाहत नव्हते. ते पाहत होते पलीकडच्या टोकाला. तिथे यशवंत आणि त्याच्या वस्तीतली आणखी दोघं दुसरी चूल मांडत होती. यशवंत सरांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. त्याच्या आजोबांच्या पिढीनं छप्पन साली बौद्ध धम्म घेतला होता. वडील धानाच्या बांधीत मजुरीला जात आणि पोरगा सरांच्या कादंबरीवर सरांपेक्षा चांगलं लिहीत असे. तिघांनी गोड्या तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा धुऊन घेतला होता आणि त्यात मूठभर तांदूळ घातला होता.

सर तिकडे गेले. मीही मागोमाग गेलो.

"यशवंत, हे काय?"

"काही नाही सर. आमचं इकडं मांडून राहिलो."

"कोणी सांगितलं?"

"सांगा लागत नाही, सर."

सर त्या डब्यापाशी वाकले. मग अगदी हळू, जणू स्वतःलाच विचारावं तसं म्हणाले, "एका रात्रीत?"

यशवंत चुलीत फुंकर घालत होता. त्यानं मान वर केली. त्याच्या आवाजात राग नव्हता. "एका रात्रीत नाही, सर. आमी डोंग्यात बसलो तवाच हे संगं होतं. काल चिवडा बी वरूनच टाकला त्यानं. तुमी काड्यांकडं पाहून राहिले होते."

सरांचा चेहरा मी तोवर अनेक भीतींनी पांढरा झालेला पाहिला होता, पण तो चेहरा वेगळा होता. वर्गात पोरानं उत्तर बरोबर लिहिलं आणि आपलंच चुकलं हे फळ्यावर कळावं, तसा. ते वळले आणि दिनकरच्या चुलीकडे चालू लागले. चादर खांद्यावरून घसरून पडली, तिच्याखाली धरलेला विळा वाटेत पडला, त्यांना कशाचं भान नव्हतं.

"दिनकर, तो डब्यातला तांदूळ या गंजात टाक. एकच भात होईल."

दिनकर उभा राहिला. त्यानं हात पुसले. मोठ्यानं बोलणारा पोरगा नव्हता तो. "सर, मी कोणाले उपाशी ठेवलं का? तांदूळ बरोबर वाटून देल्ला. गंज आईचा आहे. तिले समजलं तर ती तो घरात घेणार नाही. मी काय करू?"

"तिला कोण सांगणार आहे?"

"इतकी तोंडं आहेत, सर."

बाकीची पोरं दोघांभोवती उभी राहिली होती. कोणी दिनकरच्या बाजूचं असं म्हणावं तर तसं नव्हतं, नाही म्हणावं तर तसंही नव्हतं. कोणीतरी मागून म्हणालं की भूक लागली आहे, आधी शिजू द्या, मग पाहू. मी दिनकरच्या खांद्यावर हात ठेवून काही समजावू लागलो होतो, तोच सर म्हणाले, "मग आज इथे कोणीच शिजवणार नाही." आणि त्यांनी वाकून गंज उचलला. पाणी सांडलं, ओला तांदूळ त्यांच्या शर्टावर आला. वजन त्यांच्या पलीकडचं होतं, तरी ते गंज छातीशी धरून मागे सरकू लागले. दिनकरनं पुढे होऊन दुसरा काठ धरला. तो ओढत नव्हता, फक्त सोडत नव्हता. "सर, द्या," एवढंच तो म्हणत होता. सरांचा पाय निसरड्यावर गेला, मागे दोन हातांवर फुगलेली नदी होती. मला वाटलं दोघंही जातात. आणि त्या क्षणी आमच्या इंग्रजीच्या सरांनी मान खाली घातली आणि दिनकरच्या मनगटाला कडकडून चावा घेतला.

दिनकरनं हात सोडला. गंज खडकावर आपटला आणि तांदूळ चिखलात पसरला. रक्त आलं होतं. दिनकर मनगट धरून सरांकडे पाहत होता. दुखण्यापेक्षा त्याला नवलच जास्त वाटत असावं. सरांनी शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. त्यांचे केस उभे राहिले होते, अंगभर चिखल होता. त्या बेटावर रानटीपणाचं म्हणावं असं हातघाईचं एकच कृत्य घडलं, आणि ते इतकी वर्षं त्यावर नजर ठेवून असलेल्या माणसाकडून घडलं.

यशवंत जवळ आला. त्यानं चिखलातला गंज उचलायला हात पुढे केला, मग काय आठवलं कोण जाणे, हात मागे घेतला. म्हणाला, "सर, राहू द्या. आमाले भूक नाही."

आमच्या सगळ्यांच्या पोटात कालच्या मूठभर चिवड्याशिवाय काही नव्हतं. त्या दिवशी कोणीच जेवलं नाही. दोन्ही चुली तशाच विझल्या. बाराच्या सुमाराला दोर बांधून डोंगा आला, तेव्हा सर सगळ्यात शेवटी चढले. दिनकर पहिल्या खेपेत गेला. त्याच्या मनगटाला मी माझा रुमाल बांधला होता.

पुढचं काही दिवस तालुक्यात हसण्यावारी गेलं. डॉक्टरांनी नेमाप्रमाणे विचारलं की कोणतं जनावर चावलं, आणि दिनकरनं प्रामाणिकपणे "सर" असं सांगितलं. सुया घ्यायच्या की नाही यावर त्याच्या घरी बराच खल झाला. पण संस्थेनं हसण्यावारी नेलं नाही. सरांना बोलावलं, मलाही साक्षीला बसवलं. दिनकरचे वडील समोरच होते. अध्यक्षांनी विचारलं की एवढे शिकलेले तुम्ही, दोन शब्द बोलता आले नाहीत काय? सरांनी आधी दिनकरच्या वडिलांकडे पाहिलं. मग म्हणाले, "तेच आठवून राहिलो आहे. इतकी वर्षं शब्दच शिकवले. त्या वेळी तोंडात एकही आला नाही. दातच होते."

अध्यक्ष म्हणाले, माफी मागा. सरांनी दिनकरला बोलवायला सांगितलं आणि तो आल्यावर उभे राहून, हात जोडून, विद्यार्थ्यापुढे माफी मागितली. "चावल्याबद्दल माफी मागतो," ते म्हणाले. "गंजाबद्दल नाही." दिनकर खाली मान घालून उभा होता. त्याचे वडील मात्र मग बरंच बोलले. बी. ए.चा वर्ग सरांकडून काढला. ती कादंबरी एका नव्या तरुण प्राध्यापकाकडे गेली. घंटा म्हणजे सभ्यता, काजळी म्हणजे रानटीपणा, हे तो इतकं सुटसुटीत सांगे की निकाल वाढला.

सर मात्र बदलले. पंगतीत ते आता कुठल्याही पाटावर बसत. एसटी बंद पडली तर खिडकीला डोकं टेकून झोपत. टॉकीजमधली वीज गेली तर अंधारात नुसते बसून राहत. आम्हाला ज्या गोष्टींचं हसू यायचं त्या एकेक करून गेल्या, आणि त्या गेल्यावर आम्हाला करमेना. वहिनी एकदा मला म्हणाल्या, "पहिले सगळ्यांवर संशय घेत होते ना, तेच बरं होतं. आता फक्त स्वतःवर घेतात." यशवंतला त्यांनी सहलीनंतर लगेच घरी जेवायला बोलावलं होतं. तो आला नाही. पुढच्या वर्षी पुन्हा बोलावलं, तेव्हाही आला नाही. मी त्याच्याबद्दल काहीतरी बोलणार, तोच सरांनी मला थांबवलं. "तो काहून येईल? येण्यानं मला बरं वाटेल. त्याचं काय?"

त्यानंतर बरीच वर्षं गेली. यशवंत जवाहरनगरच्या दारूगोळा कारखान्यात नोकरीला लागला, त्याला क्वार्टर मिळालं, लग्न झालं. ऐंशीचं दशक निम्मं सरलं असेल, सर निवृत्तीला आले होते. एके दिवशी यशवंत कॉलेजात आला आणि स्टाफरूमच्या दारात उभा राहून म्हणाला की मुलीचा वाढदिवस आहे, दोघांनी जेवायला या. सर लगेच हो म्हणाले नाहीत. हातातलं पुस्तक मिटून ठेवलं आणि मग विचारलं, किती वाजता येऊ?

आम्ही गेलो. दोन खोल्यांचं स्वच्छ क्वार्टर, भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, आणि इंग्रजी पुस्तकांची एक फळी. यशवंतच्या बायकोनं सतरंजीवर ताटं मांडली. बेटाचा विषय कोणी काढला नाही. यशवंतनं मुलीकडून एक इंग्रजी कविता म्हणवून घेतली, सरांनी तिचा एक उच्चार सुधारला, ती लाजली. खाण्याच्या बाबतीत चिमणीसारखे असलेले सर त्या दिवशी दोनदा भात मागून जेवले. निघताना यशवंत बसपर्यंत पोचवायला आला. वाटेत सरांनी त्याला फळीवरची पुस्तकं कुठून आणतो ते विचारलं आणि त्यानं नागपूरच्या फुटपाथचं नाव सांगितलं.

बस भंडाऱ्याकडे निघाली. संध्याकाळ होत होती, दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाच्या बांध्या होत्या. गर्दी बरीच होती, धक्काबुक्की चालली होती, आणि सर एका म्हाताऱ्याला अर्धी जागा देऊन त्याच्या पोत्यावर हात ठेवून बसले होते. बराच वेळ गेल्यावर माझ्याकडे न पाहता म्हणाले, "इतिहासवाले, मी त्याच्या घरी जेवलो म्हणून त्यातलं काही फिटत नाही."

मी म्हणालो, नाही फिटत.

त्यांनी म्हाताऱ्याचं कलंडणारं पोतं सरळ केलं. मग म्हणाले, "पण अंबाडीची भाजी चांगली होती."

पुढच्या उन्हाळ्यात सर गेले.